हातचे ऐंशी

रंगखात्याचा फोरमन दर वर्षी आकडा सांगायचा आणि वर म्हणायचा, "शप्पथ, खरा आकडा." मग तो हसायचा, समोर वही घेऊन उभी असलेली ताई हसायची, आणि त्याच्या आकड्यात ऐंशी मिळवून ती कागदावर लिहायची. बारा वर्षं हे असंच चाललं होतं आणि बारा वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

ताई म्हणजे कारखान्याची नियोजनवाली. कुठल्या खात्यातून दिवसाला किती माल निघेल, त्याला माणसं किती लागतील, तो न्यायला ट्रक किती आणि कधी बोलवायचे, हे सगळं तिनं आधी मांडून द्यायचं आणि साहेबांनी त्यावर सही करायची. सही झाली की तो कागद म्हणजे ब्रह्मवाक्य. कारखाना लोखंडी खुर्च्यांचा. शाळेत, दवाखान्यात, सभागृहात असतात तसल्या, बसणाऱ्याला लवकर उठावंसं वाटेल अशा. पाइप कापायचे, वाकवायचे, जोडायचे, रंगवायचे आणि बांधून धाडायचे. कापणाऱ्यांना आणि जोडणाऱ्यांना काय, दोन माणसं वाढवली की माल वाढतो. घोडं अडायचं ते रंगखात्यात. तिथं खुर्ची धुवायची, वाळवायची, हुकाला टांगायची, तिच्यावर रंगाची पावडर मारायची आणि भट्टीत भाजायची. भट्ट्या दोनच. कितीही आरडाओरडा केला तरी भट्टी आपल्या वेळेनंच भाजते.

आणि रंगखात्याचा फोरमन होता ताईचा सख्खा भाऊ. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. आईवडील गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं, शिकवलं, कारखान्यात चिकटवलं. त्याच्याच घरात मागच्या खोलीत ती राहत होती. घरी तो तिला चिमे म्हणायचा. कारखान्यात मात्र सगळे म्हणतात म्हणून तोही ताई म्हणायचा, आणि चाळिशीतल्या बहिणीला पन्नाशीतला भाऊ ताई म्हणतो याची खात्यातल्या पोरीबाळींना कोण गंमत वाटायची. घरात एकच नियम होता आणि तो ताईनंच केला होता. घरी आकडा काढायचा नाही. नाहीतर जेवताना भट्टी, आंघोळीला जाताना ट्रक, असं होऊन वहिनीनं दोघांनाही घराबाहेर काढलं असतं.

आता आकडा झाकण्याबद्दल. कुठलंही खातं वरच्या मजल्यावर खरा आकडा सांगत नाही. हातचं राखूनच सांगतं. पूर्ण आकडा सांगितला की पुढच्या वर्षी त्याच्यावर आणखी मागतात, हे नव्या माणसालाही आठवडाभरात कळतं. नियोजनवाल्यांनाही ते कळतं, म्हणून ते अंदाजानं वर टाकतात. दादाच्या खात्याची ताकद होती दिवसाला सहाशे वीस खुर्च्या. तो सांगायचा पाचशे वीस. ताई ऐंशी मिळवून सहाशे लिहायची आणि उरलेल्या वीस त्याला सोडायची. याबद्दल दोघं कधी एक शब्द बोलली नव्हती. त्या वीस खुर्च्यांवर दोन माणसं बसलेली होती, हे तिला माहीत होतं. एक धुण्याच्या टाकीवरचे मामा. त्यांचे हात थरथरायचे, एक खुर्ची टाकीतून काढायला त्यांना दुसऱ्याच्या दुप्पट वेळ लागायचा. दुसरी हुकाला खुर्च्या टांगणारी मावशी. तिचं मनगट कधीकाळी मोडून वाकडं बसलं होतं. तासाभरानं दहा मिनिटं ती हात मांडीवर घेऊन बसायची. ही दोघं कुणाला दिसू नयेत एवढ्यासाठी दादा वर्षभर खोटं बोलायचा, आणि ते खोटं ताई नीट घडी घालून कागदावर ठेवायची.

त्या वर्षी साहेबांनी एकाच गिऱ्हाइकाची मोठी मागणी आणली. आठ आठवडे, दिवसाला सहाशे खुर्च्या, एकही कमी नाही. साहेब तसे वाईट नव्हते. फक्त त्यांना नाही ऐकायची सवय नव्हती. ताईला बोलावून ते म्हणाले, "या वेळी मला खरं काय ते हवं. जमणार नसेल तर आज सांगा. साठ-सत्तर खुर्च्या रोज बाहेरून रंगवून घेऊ, काही आभाळ कोसळत नाही. पण एकदा हो म्हटल्यावर रडगाणं नको. तसं तर रंगखातं घरात ठेवायचं कशाला, असं वरचे मला विचारतातच. त्यांना आयतं निमित्त देऊ नका."

ताई खाली गेली. खरं तर पूर्वी ती रोज जायची. नवीन संगणक आल्यापासून सगळ्या खात्यांचे तक्ते वरच दिसायचे, मग जिना उतरायचा कंटाळा यायला लागला होता. तीन महिन्यांत ती रंगखात्यात दोनदा गेली असेल, तीही दारापर्यंत.

"दादा, या वेळी खरं सांग हं," ती म्हणाली. हेही ती दर वर्षी म्हणायची.

"पाचशे चाळीस," दादा म्हणाला. "शप्पथ, खरा आकडा."

तो हसला नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण भट्टीपाशी उभा राहून माणूस दमतो, सगळ्यांनाच काही दर वेळी हसू येत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. शिवाय आकडा वीसनं वाढलेला. रंगखात्यात पावडर मारायची नवी पिचकारी आली होती, त्यामुळे वाढला असणार. म्हणजे दादाचा राखून ठेवायचा हिशोब जागच्या जागी आहे. तिनं जिना चढता चढताच ऐंशी मिळवले. सहाशे वीस. मागणी सहाशेची, वीस वर उरतात, आणि मामा-मावशीपुरते वीस दादाकडं आहेतच. किती नेमकं बसलं! तिला बरं वाटलं, आणि पुढे आयुष्यभर तिला लाज वाटत राहिली ती त्या बरं वाटण्याचीच.

ती रविवारची दुपार. ताई खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि दादा दारात येऊन उभा राहिला. एक हात चौकटीवर, एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत. लहानपणी ती परीक्षेत नापास झाल्याचं ऐकून तो असाच उभा राहिला होता.

"चिमे, तो आकडा..."

"दादा, घरी नाही," ती हसून म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

"बरं," तो म्हणाला आणि परत गेला. त्यानं कधी तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. सोमवारी सकाळी नऊला साहेबांनी कागदावर सही केली. दादा साडेनऊला जिना चढून वर आला, तोवर साहेब फोनवर गिऱ्हाइकाला म्हणत होते, "सहाशे? अहो, आमच्याकडं तर वीस वर उरतात." ते ऐकून दादा दारातूनच परत फिरला.

पहिल्या आठवड्यात रोजचा आकडा आला पाचशे अडतीस, पाचशे एकेचाळीस, पाचशे एकोणचाळीस. ताईनं आधी तक्त्यातली चूक शोधली. मग नाइलाजानं खाली गेली आणि या वेळी दारात न थांबता आत शिरली.

दोन नंबरच्या भट्टीच्या दारापाशी उभं राहवत नव्हतं. दाराची पट्टी जळून तिचे तुकडे झाले होते आणि आतली धग त्या फटीतून बाहेर येत होती. दादानं चिंध्या दाबून ती फट बुजवायचा प्रयत्न केला होता. चिंध्या काळ्या पडल्या होत्या.

"वीस मिनिटांत भाजायची ती आता सत्तावीस मिनिटं घेते," दादा म्हणाला. "पट्टीसाठी तीनदा लिहून दिलंय. येते म्हणतात."

"मग पाचशे चाळीस म्हणजे..."

"म्हणजे पाचशे चाळीस."

"सगळे? हातचे काहीच नाहीत?"

"मामा-मावशीसकट सगळे. सांगितलं होतं ना तुला."

"तू दर वर्षीच सांगतोस, दादा!"

दादानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. "हो," तो म्हणाला. "तेही खरंय."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? सरळ वर जाऊन साहेबांना सांगितलं असतं, की माझं चुकलं, रोज साठ खुर्च्या बाहेर पाठवा. ताई तशी गेलीही. साहेबांच्या दारापर्यंत गेली. आत वरचे दोघंजण येऊन बसले होते, साहेब त्यांना तिचाच कागद दाखवत होते आणि तिच्या नीटनेटक्या आकड्यांचं कौतुक चाललं होतं. ती मागे फिरली. दादा म्हणाला, "ओढून बघू. पट्टी आली तर निघेलही." पट्टी आज येईल, उद्या येईल, या आशेवर दोघं भावंडं राहिली. पट्टी शेवटपर्यंत आली नाही.

रोजच्या साठ खुर्च्या म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण आठवड्याला साडेतीनशे न रंगवलेले सांगाडे बोळात उभे राहायला लागले. त्यांना गंज धरायचा, मग ते पुन्हा धुवायचे, म्हणजे मामांच्या टाकीवर दुप्पट काम. बाहेर ट्रक अर्धे भरून उभे, ड्रायव्हर सावलीत बसून ताईच्या नावानं बोटं मोडत. दादानं सुट्टीच्या दिवशी खातं चालू केलं. मग भट्टी निववून साफ करायचा आठवड्याचा दिवस असायचा, तोही कामात घातला. मावशीची दहा मिनिटांची बैठक बंद झाली. तिसऱ्या आठवड्यात तिनं एका हातानं टांगायला सुरुवात केली, दुसरा हात पदरात गुंडाळलेला. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला सवय आहे." मामांचे हात आता इतके थरथरत, की खुर्ची टाकीच्या काठावर आपटल्याचा आवाज दिवसभर येत राही. तो आवाज वरच्या मजल्यावर आपल्या काचेच्या खोलीतही ऐकू येतो असं ताईला वाटायचं. येत नव्हता. तरी तिला ऐकू यायचा.

ती आता रोज खाली जायची. जाऊन करायची काय? उभी राहायची. एकदा तिनं हुकाला खुर्च्या टांगायला घेतल्या, तेव्हा मावशी म्हणाली, "ताई, राहू द्या, तुमच्यानं नाही होणार, मध्ये मध्ये आल्यानं अजून चार कमी व्हायच्या." मावशी रागानं बोलली नव्हती. हिशोबानं बोलली होती, आणि हिशोब बरोबर होता.

पाचव्या आठवड्यात दादानं ती गोष्ट केली. जी करायची नसते हे तो स्वतः पोरांना कान पिळून शिकवायचा, तीच. भट्टीचा काटा वर सरकवला. जास्त धगीत खुर्ची वीस मिनिटांतच वरून चकचकीत दिसायला लागली, आत रंगानं लोखंड धरलेलं नसलं तरी. त्या दिवशी आकडा आला सहाशे चार. साहेबांनी वरून खाली पेढे धाडावेत तसा निरोप धाडला, की शाब्बास. दादानं तो निरोप ऐकला आणि पुढची खुर्ची भट्टीत ढकलली. ताईला कुणी काही सांगितलं नाही, पण ती बारा वर्षं त्या खात्याचे आकडे लिहीत आली होती. एका दिवसात साठ खुर्च्या कुठून येतात, हे तिला न सांगता कळलं. तिनं तो आकडा तक्त्यात लिहिला आणि मूग गिळून गप्प बसली.

नऊशे खुर्च्या परत आल्या. साहेबांनी सगळ्या खात्यांच्या फोरमनना वर बोलावलं, मधोमध एक परत आलेली खुर्ची ठेवली आणि तिच्या पाठीवर किल्लीनं एक ओरखडा काढला. रंग केळ्याच्या सालीसारखा सोलून खाली आला.

"भट्टीचं नंतर बघू," साहेब म्हणाले. "मला आधी एवढंच सांगा, सहाशे वीस हा आकडा आला कुठून? कुणी दिला?"

ताई टेबलाच्या डाव्या बाजूला बसली होती. मी दिला, एवढे दोन शब्द. तिनं तोंड उघडलंही. पण दातखीळ बसावी तसं झालं तिचं. बारा वर्षांची नोकरी, काचेची खोली, नीटनेटके आकडे, हे सगळं त्या क्षणी आडवं आलं. भीती वाटली म्हणून ती बोलली नाही. दुसरं काही कारण नव्हतं आणि पुढेही तिनं कधी दुसरं कारण शोधलं नाही.

"मी दिला," दादा म्हणाला.

"सहाशे वीस?"

"हो. सहाशे वीस. मीच सांगितलं ताईंना."

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. ताई समोरच्या कागदाकडं बघत बसली. त्याच्यावर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं सगळं.

त्या दिवशी घरी तिनं त्याला अंगणात गाठलं. तो नळाखाली पाय धूत होता. "दादा, तू का सांगितलंस असं? मी बोलणार होते. मी..."

दादानं नळ बंद केला. "घरी नको, ताई," तो म्हणाला आणि आत गेला.

ताई. घरात. अंगणात. ती तिथंच ओल्या फरशीवर उभी राहिली आणि तिला रडूसुद्धा येईना. थोड्या वेळानं वहिनी बाहेर आली, दोरीवरचे कपडे काढू लागली, आणि कपड्यांकडं बघतच म्हणाली, "त्या रविवारी तुझ्या दारातून परत आले ना, तेव्हा मला म्हणाले, पोरीला वाटतंय मी नेहमीसारखंच बोललो. उद्या सांगतो." वहिनीनं कपडे खांद्यावर टाकले. "तू बोलू दिलं असतंस तर, एवढंच मनात येतं बघ." ती आत गेली. मग जेवायला हाक मारली तीही नेहमीसारखीच, आणि ते जास्त वाईट होतं.

पंधरा दिवसांत निर्णय लागला. रंगखातं बंद. खुर्च्या यापुढं बाहेर रंगवायच्या. काही माणसं इतर खात्यांत घ्यायची ठरली, आणि ती निवडताना साहेबांनी पहिल्यांदाच रंगखात्यातल्या प्रत्येकाचं काम स्वतः उभं राहून पाहिलं. मामा दिसले. मावशी दिसली. बारा वर्षं जे कुणाला दिसलं नव्हतं ते अर्ध्या तासात दिसलं. फोरमन तर नकोच होता. तेवीस माणसं घरी जायची ठरली, त्यांत ही तिघं.

आणि खातं उपटायचं तर त्याचंही नियोजन हवंच की. साहेबांनी ताईला बोलावलं. भट्ट्या, टाक्या, साखळ्या सोडवायला किती दिवस, न्यायला ट्रक किती, या तेवीस जणांची हजेरी कुठपर्यंत लावायची. "त्यांचा शेवटचा दिवस तुमच्या कागदावरून ठरेल," साहेब म्हणाले. "बरोबर मांडा."

ती जिना उतरली. भट्ट्या बंद होत्या. इतक्या वर्षांत तिला त्या खात्यात कधी गारवा जाणवला नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "सगळं सोडवायला किती दिवस लागतील?"

दादा पान्हे पुसून एका ओळीत ठेवत होता. "पाच," तो म्हणाला. मग थांबून, तिच्याकडं न बघता, "शप्पथ, खरा आकडा."

ती वही उघडी धरून उभी राहिली. हे शब्द खरं बोलताना तो कसे बोलतो आणि खोटं बोलताना कसे, हे ओळखायची तिला आता हिंमत नव्हती. खरंच ना रे, असं विचारायची सोयही उरली नव्हती. विचारून जे उत्तर आलं असतं ते याच शब्दांत आलं असतं. तिनं काही मिळवलं नाही, काही वजा केलं नाही. पाच लिहिले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं सांगितलेला आकडा तिनं जसाच्या तसा लिहिला. साहेबांनी सही केली.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा ट्रक भरून गेला.

पाचव्या दिवशी सकाळी तेवीसच्या तेवीस माणसं कामाचे कपडे घालून आली. कागदावर पाच दिवस होते, म्हणून पाचव्या दिवसाची हजेरी होती. आत काहीच नव्हतं. भट्ट्यांच्या जागी जमिनीवर दोन काळे चौकोन, वर छताला हुकांची रिकामी भोकं. सगळी भिंतीकडेनं जमिनीवर बसली; खुर्च्यांचा कारखाना, पण तिथं बसायला खुर्ची नव्हती. मावशी वाकडं मनगट मांडीवर घेऊन बसली होती, दहा मिनिटं नाही, सकाळपासून. मामा झोपले होते. दोघीतिघी कशावरून तरी हळू आवाजात हसत होत्या.

ताई आत आली तेव्हा हसणं थांबलं. ती दादाजवळ जाऊन भिंतीला टेकून बसली.

"चार दिवसांतच झालं," ती म्हणाली.

"हं."

"पाच म्हणाला होतास."

"एक राखला," दादा म्हणाला. "म्हटलं, जाताना एक दिवस बसतील निवांत. तू काढून घेशील असं वाटलं होतं. नेहमी काढतेस."

"नाही काढला. तू म्हणालास तेच लिहिलं."

दादानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्या सभेनंतर पहिल्यांदाच. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडेना, आणि तो असता तर तिला केवढा आधार वाटला असता.

"या वेळी लिहिलंस होय," तो म्हणाला.

तिला वाटलं, आता तो उठेल, ओरडेल, निदान चिमे म्हणेल. तो पुन्हा समोरच्या काळ्या चौकोनाकडं बघायला लागला.

पाळी सुटायचा भोंगा झाला. तेवीस माणसं सवयीनं उठली. कोपऱ्यातला नळ तेवढा जागेवर होता, त्याच्यासमोर रोजच्यासारखी रांग लागली. मामांनी दोन्ही हात पुढे केले, मावशीनं नळ सोडला. कुणाच्या हाताला त्या दिवशी काही लागलं नव्हतं, तरी सगळ्यांनी हात धुतले. दादानं सगळ्यांत शेवटी धुतले आणि नळ बंद करून तो निघून गेला.